माल्कम पेठ आणि आपले नगर

महाबळेश्वरच्या बाजारात उभे राहून ‘माल्कम पेठ कुठे आहे?’ असे विचारले, तर बहुतेक पर्यटक गोंधळतील. खरे तर ते उभे असतात तीच माल्कम पेठ. सर जॉन माल्कम १८२७ ते १८३० या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. सातारच्या प्रतापसिंह महाराजांकडून त्यांनी डोंगरावरची ही थंड हवेची जागा मोबदल्यात दुसरे गाव देऊन घेतली. वस्तीला साहेबांचे नाव मिळाले. पण लोकांच्या तोंडी देवाचेच नाव राहिले. इतके की, पाच-सहा किलोमीटरवरच्या मूळ गावालाच आता ‘जुने महाबळेश्वर’ म्हणावे लागते.

नगरकर म्हणतील, याचा आमच्याशी काय संबंध? संबंध आहे. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांच्या फौजेचा पराभव झाला, तेव्हा इंग्रजांच्या बाजूने माल्कम आघाडीवर होते. पुढे माळव्याचा कारभार त्यांच्याकडे आला. आपल्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीची लेक अहिल्याबाई १७९५ मध्येच निवर्तली होती. तरी माळव्यात जो तो तिचेच नाव घेई. होळकरांच्या माणसांनी सांगितलेले एकांगी असेल, म्हणून माल्कमनी इतरांकडेही चौकशी केली. चौकशी वाढली तसा त्यांचा आदरही वाढला. १८२३ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी तो मोकळेपणाने नोंदवला. ज्या घराण्याशी लढले, त्याच घराण्यातल्या बाईची थोरवी लिहिताना त्यांनी हात आखडता घेतला नाही.

अहमद निजामशहाने वसवलेले अहमदनगर २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. त्यावर दोन्ही बाजूंनी बोलले गेले. माझ्यासारख्याला पहिले नाव घरात मिळाले, दुसरे शाळेच्या पुस्तकात. दोन्हींबद्दल मनात माया आहे. बोलताना तर आपण सगळे नुसते ‘नगर’च म्हणतो.

माल्कम पेठ हे नाव आता जुन्या कागदांत शोधावे लागते. माल्कमनी विचारपूस करून लिहिलेले मात्र आजही वाचले जाते. तशीच विचारपूस आपण शहर वसवणाऱ्याचीही करावी. दिल्ली दरवाज्याबाहेर बागरोजात त्याची कबर आहे. मुलांना चौंडीला जरूर न्यावे, आणि एखाद्या रविवारी बागरोजातही न्यावे.