रोगण, तेल आणि मेण : लाकूडकामाच्या इतिहासातील शब्दसाक्ष

कागदपत्रे जेथे मौन पाळतात तेथे पुष्कळदा शब्द साक्ष देतात. घरातील खांब, तुळया, दारे यांना तेल व मेण देण्याच्या जुन्या पद्धतीविषयी असेच म्हणावे लागते.

संस्कृत ‘तैल’ म्हणजे मूळचा तिळाचा स्नेह. पुढे करडई, जवस, एरंड या सर्वांच्या स्नेहास तोच शब्द लागू झाला. हा अर्थविस्तार होय. ‘रोगण’ शब्दाची वाटचाल उलट दिशेची आहे. फारसीत ‘रोगन’ म्हणजे तूप, तेल असा कोणताही स्नेह. युनानी वैद्यकातील ‘रोगन बदाम’ हे बदामाचे तेलच. ‘रंग-ओ-रोगन’ या जोडीत लेपाचा अर्थ डोकावतो, आणि मराठीने तेवढाच उचलला. या अर्थसंकोचाचे कारण द्रव्याच्या स्वभावात शोधावे लागते. तिळाचे तेल लाकडावर दीर्घकाळ चिकट राहते. जवसाचे तेल मात्र हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते. मुर्दाडशिंगासह कढविल्यास अधिकच लवकर. (शिसे विषारी असल्याने ती रीत आज वर्ज्य होय.) तेलाचाच लेप होत असल्यामुळे तेलाचे नाव लेपास मिळाले, असे अनुमान करता येते.

‘मेण’ हा शब्द मात्र देशातलाच. संस्कृत ‘मदन’, प्राकृत ‘मयण’, मराठी ‘मेण’ अशी त्याची परंपरा आहे. मेण तेलाप्रमाणे वाळत नाही. म्हणून आधी तेलाचे पातळ हात द्यावयाचे, न मुरलेले तेल पुसून घ्यावयाचे, आणि ते वाळल्यावर मेण फडक्याने घोटावयाचे, हा क्रम.

लाखेची कथा वेगळी. ‘लाक्षा’ हे द्रव्य नावासह युरोपात गेले, मद्यार्कात विरघळून एकोणिसाव्या शतकात तेथील सामानावर चढले, आणि आपल्याकडे ‘पॉलिश’ या परक्या नावाने परतले.

या चर्चेस व्यावहारिक बाजूही आहे. पुण्याच्या विश्रामबागवाड्यासारख्या वास्तूंत कोरीव लाकूडकाम विपुल आहे. अशा कामाची डागडुजी करताना रोगण म्हणजे कठीण, चकाकता पापुद्रा एवढाच अर्थ मनात असतो. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते. पापुद्रा तडकतो, आणि तो खरवडताना नक्षीची धारही जाते. तेल-मेणाचा हात न खरवडता पुन्हा देता येतो. शब्दाचा मूळ अर्थ विसरल्याची किंमत अशा वेळी नक्षीला मोजावी लागते.