पान्हा आणि समाज

मुलाला अंगावर पाजणे ही केवळ मायलेकरांची गोष्ट, असे आपण समजतो. परंतु आईच्या मनाला धास्ती लागली की दूध असूनही पान्हा अडतो. आणि ती धास्ती पुष्कळदा आपणच तिच्या वाट्याला देतो. पहिला चीक पिळून टाकावा, बाळाला आधी मध चाटवावा, ही रूढी वडीलधाऱ्यांनीच चालविली. सून बिचारी काय बोलणार!

मुंबई इलाख्यात १९२९ साली कारखान्यांतील बायांसाठी बाळंतपणाच्या रजेचा व भत्त्याचा कायदा झाला. आदल्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधिमंडळात त्याचा पुरस्कार केला होता. आपले सेनगाव तेव्हा निजामाच्या राज्यात. तो कायदा येथे पोचला नाही. पुढे १९६१ चा देशव्यापी कायदा आला. २०१७ मध्ये रजा १२ आठवड्यांवरून २६ वर गेली. पण रोजाने खुरपणीला जाणाऱ्या शेतमजूर बाईला पगारी रजा आजही नाही. तान्हे बांधावरच्या झोळीत, आई पातीला. आणि दूध आटले की दोष तिलाच!

रायगडाच्या हिरकणीचे आपण कौतुक करतो. ती कडा उतरली, कारण दरवाजा बंद होता. तो उघडण्याचे काम आपले नव्हे काय?