बुऱ्हाणपूरला वळसा घालून गेलेली शर्यत

२४ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मैदानातून ९८ मोटारी निघाल्या. त्यांना सिडनीला जायचं होतं, आणि वाट होती पॅरिस, इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली, मुंबई अशी. मुंबईत गाड्या बोटीवर चढवायच्या, ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरवायच्या आणि तिथून पुन्हा पळवायच्या. एकूण अंतर सुमारे १६,००० किलोमीटर. ही लंडन-सिडनी मॅरेथॉन. आज ती होत नाही. ती का जन्मली आणि का संपली, हे बुऱ्हाणपूरकराला चटकन उमगावं, कारण रस्ता दुसरीकडे गेला की काय होतं ते या गावाने भोगलं आहे.

या शर्यतीचं कूळ वर्तमानपत्रांचं आहे. मोटार नवी होती तेव्हा ती चालते की नाही हे लोकांना दाखवावं लागे, आणि दाखवण्यातून अंक खपत. १८९४ मध्ये पॅरिस ते रुआँ ही मोटारींची पहिली मोठी चढाओढ ‘ल पेती जुर्नाल’ या पत्राने भरवली. १९०७ मध्ये ‘ल मातँ’ने पेकिंग ते पॅरिस जाऊन दाखवणारा कुणी आहे का, असं जाहीर आव्हान दिलं. पाच गाड्या निघाल्या. इटलीचा राजपुत्र शिपिओने बोर्गेसे आपली ‘इटाला’ घेऊन दोन महिन्यांत पॅरिसला पहिला पोचला. सोबत बातमीदार लुइजी बार्झिनी होता, तो वाटेतून तारा पाठवत होता. रस्ता नाही तिथे गाडी नेणं हीच मुळात या शर्यतीची कसोटी होती.

साठ वर्षांनी हेच बीज पुन्हा रुजलं. नोव्हेंबर १९६७ मध्ये ब्रिटनने पौंडाचं अवमूल्यन केलं आणि देशावर मरगळ आली. ‘डेली एक्स्प्रेस’चे मालक सर मॅक्स एटकिन, त्यांचे सहकारी जोसेलिन स्टीव्हन्स आणि शर्यतपटू टॉमी सॉपविथ यांच्या बोलण्यातून कल्पना निघाली, की ब्रिटिश मोटारींचा दम जगाला दिसेल असं काही करावं. पहिलं बक्षीस १०,००० पौंडांचं ठरलं. पलीकडच्या टोकाला सिडनीचं ‘डेली टेलिग्राफ’ जोडीला आलं.

नियम साधा होता. दोन ठाण्यांमधलं अंतर ठरलेल्या वेळेत कापायचं. उशीर होईल तितक्या मिनिटांचे दंडगुण. त्यामुळे खरी परीक्षा सपाट रस्त्यांवर नव्हती. ती तुर्कस्तानात सिवास ते एर्झिंजान आणि अफगाणिस्तानात काबूलहून लताबंद खिंडीतून सरोबीला उतरताना होती. ताफाही नाना तऱ्हांचा होता. फोर्डच्या लोटस कॉर्टिना, सित्रोएन, पोर्शे, ऑस्ट्रेलियातून आलेल्या फोर्ड फाल्कन आणि होल्डन, सोव्हिएत संघाच्या चार मॉस्कविच, शिवाय १९३० सालची एक बेंटलीसुद्धा. आपल्या रस्त्यांवर तेव्हा अँबेसेडर, फियाट आणि स्टँडर्ड हेरल्ड यांपलीकडे फारसं काही दिसत नव्हतं, हे लक्षात घेतलं तर दिल्ली-मुंबई टप्प्यावर रस्त्याच्या कडेला माणसांची रीघ का लागली ते कळतं. स्पर्धकांच्या आठवणींत ही गर्दी हमखास येते. घाट आणि खिंडी पार करून आलेल्या चालकांना इथे माणसांतून वाट काढावी लागली.

हा टप्पा आग्रा आणि इंदूरवरून, म्हणजे मुंबई-आग्रा रस्त्याने झाला. या रस्त्याची कुळी सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मुघल काळात समुद्राकडून आग्र्याला जाणारी मोठी वाट सुरतेहून निघे आणि नंदुरबारवरून बुऱ्हाणपूरला येई. तिथून असीरगडाच्या पायथ्याने सातपुडा ओलांडून हंडियाला नर्मदा पार करायची आणि सिरोंज, नरवर, ग्वाल्हेर करत आग्रा गाठायचं. असीरगडाला दख्खनचा दरवाजा म्हणत ते याच वाटेमुळे, आणि अकबराने १६०१ मध्ये तो घेतला तोही याच वाटेसाठी. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ मध्ये सुरतेहून निघाला तो बुऱ्हाणपुरात शहजादा परवेझला भेटून मगच अजमेरकडे, जहांगिराच्या दरबारी गेला. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निएही इथूनच गेला. परदेशी माणसाने लांबून यावं आणि तापीकाठी मुक्काम करावा, ही या गावाची शतकभराची सवय होती.

पुढे सुरतेचा व्यापार मुंबईकडे सरकला. इंग्रजांनी मुंबईहून आग्र्याकडे रस्ता बांधला तो थळ घाट चढून नाशिक, धुळे, सेंधवा, महू, इंदूर असा. सातपुडा ओलांडण्याचा मान असीरगडाकडून बिजासन घाटाकडे गेला. नर्मदा हंडियाऐवजी खलघाटला आणि तापी शिरपूरजवळ सावळद्याला ओलांडली जाऊ लागली. सावळदे बुऱ्हाणपूरच्या खाली, त्याच पाण्यावर, सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर आहे. १९६८ च्या त्या मोटारी तापी ओलांडून गेल्या, पण बुऱ्हाणपूरच्या वाट्याला त्यांची धूळही आली नाही. शर्यत गावाची थोरवी पाहत नाही, ती रस्त्याच्या मागे जाते.

मुंबईला ७२ गाड्या पोचल्या. तोवर इंग्लंडचा रॉजर क्लार्क लोटस कॉर्टिनात सर्वांत पुढे होता. ‘चुसान’ या आगबोटीतून सगळा लवाजमा फ्रीमँटलला उतरला आणि तिथून चित्र पालटलं. क्लार्कची गाडी वाटेत बिघडत मागे पडली. बेल्जियमचा ल्युसियाँ बियांकी आणि फ्रान्सचा ज्याँ-क्लोद ओजिए यांची सित्रोएन मोठ्या आघाडीवर होती. अगदी शेवटाजवळ, नौरा गावाच्या अलीकडे, समोरून आलेल्या एका मिनीशी तिची टक्कर झाली. बियांकी जबर जखमी झाला. मागून येणारा पॅडी हॉपकर्क मदतीला थांबला, हे मला त्याच्या दुसऱ्या क्रमांकाहून मोठं वाटतं. १७ डिसेंबरला सिडनीत जिंकला स्कॉटलंडचा अँड्र्यू कोवन, कॉलिन मॅल्किन आणि ब्रायन कॉइल यांच्या साथीने, हिलमन हंटर या साध्या घरगुती गाडीत. हीच गाडी इराणात ‘पेकान’ नावाने बनू लागली होती.

दुसरी खेप १९७७ मध्ये झाली. या वेळी पैसा सिंगापूर एअरलाइन्सचा होता आणि पल्ला सुमारे ३०,००० किलोमीटरचा. भारतात गाड्या मद्रासपर्यंत उतरल्या आणि तिथून बोटीने पेनांगला गेल्या. पुन्हा कोवनच जिंकला, आता मर्सिडीज घेऊन.

त्यानंतर ही वाट मिटली. १९७९ च्या आरंभी इराणात क्रांती झाली आणि वर्ष सरताना सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. लंडनहून मोटार घेऊन काबूलमार्गे दिल्लीला येता येईल असा रस्ता उरला नाही. पैसा, गाड्या, चालक सगळं होतं. पाच-सहा सरहद्दी एकाच वेळी उघड्या असणं, ही एकच गोष्ट नव्हती, आणि शर्यतीचा सारा डोलारा तिच्यावरच उभा होता. १९८० मध्ये मुंबईचे नाझीर हुसेन यांनी हिमालयन रॅली सुरू केली. तिला परदेशी चालकही आले, पण तिची वाट देशाच्या आतली होती आणि तीही १९९० पर्यंतच चालली.

लंडन-सिडनीचं नाव पुढे जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींनी उचललं. १९९३, २००० आणि २००४ अशा तीन खेपा झाल्या. २००० साली तुर्कस्तानपर्यंत गाड्या चाकांवर गेल्या. तिथे त्या अंतोनोव्ह मालवाहू विमानांत चढवल्या आणि थेट थायलंडमध्ये उतरवल्या. काबूल, दिल्ली, बिजासन घाट, मुंबईचं बंदर यांपैकी काहीच त्यांच्या वाटेत राहिलं नाही.