सात वर्षांच्या राज्याचें निशाण

मुंबई-आग्रा रस्त्यावरील पिंपळगांव बसवंत हें नांव द्राक्षें आणि कांदा यांच्या बाजारपेठेमुळें आपणांपैकीं बहुतेकांस ठाऊक असेल. या गांवाच्या पश्चिम अंगास दिंडोरी तालुका लागतो, आणि त्या तालुक्याच्या डोंगराळ भागांत दमणगंगा नदी उगम पावते. निफाडचें पाणी गोदावरीच्या संगतीनें पूर्वसमुद्राकडे जातें; दमणगंगा मात्र सह्याद्रि उतरून पश्चिमेकडे वळते आणि सिल्वासावरून वाहत जाऊन दमणपाशीं अरबी समुद्रास मिळते. नाशिक जिल्ह्यांत उगम पावलेल्या या नदीच्या कांठीं सन १९५४ पासून १९६१ पर्यंत एक अत्यंत चिमुकलें राज्य नांदत होतें. तें ना पोर्तुगालचें राहिलें होतें, ना कायद्यानें भारताचें झालें होतें. मुक्त दादरा व नगरहवेली हें त्याचें नांव. त्या राज्याच्या निशाणाची हकीगत मला आज आपणांस सांगावयाची आहे.

श्रोते हो, अतिलघु राष्ट्रें ही आधुनिक जगांतील एक मौजेची वस्तु आहे. इंग्लंडच्या सफोक किनाऱ्यासमोर, भर समुद्रांत, दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं उभारलेला एक लष्करी मनोरा आहे. १९६७ सालीं रॉय बेट्स नांवाच्या एका गृहस्थानें त्याचा ताबा घेऊन ‘सीलँड’ नांवाचें राज्य जाहीर केलें. हा गृहस्थ त्यापूर्वीं परवान्यावांचून नभोवाणी चालवीत असे. त्याच्या राज्याला मान्यता कोणीच दिली नाहीं. परंतु ध्वज मात्र झोकांत तयार झाला. वर तांबडा रंग, खालीं काळा, आणि मधून तिरपा पांढरा पट्टा. तांबडा रंग राजाचा, पांढरा शुद्धतेचा आणि काळा त्या चोरट्या नभोवाणीच्या दिवसांचा, असा त्याचा अर्थ सांगतात. पाय ठेवण्यापुरती जागा, बोटांवर मोजण्याइतकी प्रजा, पण निशाण परिपूर्ण! दमणगंगेच्या कांठचें राज्य याच्या नेमकें उलट होतें. त्याच्याजवळ सुमारें ४९० चौरस किलोमीटर भूमि होती, बहात्तर गांवें होतीं, पंचायत होती. स्वतःचें निराळें निशाण मात्र त्यानें उभारलें नाहीं. हें राहून गेलें म्हणून नव्हे. तसें करावयाचें नव्हतें म्हणून.

हें नीट ध्यानांत येण्यासाठीं त्या भूमीवर पूर्वीं कोणकोणतीं निशाणें लागलीं तें पाहिलें पाहिजे. आपल्या भाषेंत ‘अमक्याचें निशाण लागलें’ असें म्हटलें कीं अमक्याचा अंमल बसला, हें निराळें सांगावें लागत नाहीं. अठराव्या शतकांत हा मुलूख मराठ्यांचा होता. १७७२ सालीं मराठ्यांच्या आरमारानें पोर्तुगीजांचें ‘सांताना’ नांवाचें लढाऊ गलबत पकडलें. त्या प्रकरणाची भरपाई आणि उभयपक्षीं मैत्री यांसाठीं १७ डिसेंबर १७७९ रोजीं तह झाला, आणि बारा हजार रुपये उत्पन्नाचीं गांवें पोर्तुगीजांस तोडून देण्याचें ठरलें. त्याप्रमाणें १७८३ सालीं नगरहवेलीचीं आणि १७८५ सालीं दादरा भागाचीं गांवें त्यांच्याकडे गेलीं. येथें एक शब्द लक्षांत ठेवण्यासारखा आहे. हीं गांवें सरंजामादाखल दिलेलीं होतीं. सरंजाम म्हणजे वसुलाचा हक्क, राज्याचा नव्हे. वसूल पोर्तुगीजांनीं घ्यावा, परंतु धनीपण पुणें दरबाराचें, असा त्या व्यवहाराचा अर्थ. पुढें १८१८ सालीं पेशवाई बुडाली, भगवा झेंडा आणि जरीपटका उतरला, आणि मागें विचारणारा धनीच उरला नाहीं. इंग्रजांनीं पोर्तुगीजांचा चालता अंमल पाहिला व तो तसाच चालू दिला. वसुलाच्या कागदावर अशा रीतीनें परक्या राज्याचें निशाण चढलें.

तें निशाणहि एकच राहिलें नाहीं. प्रथम पोर्तुगालच्या राजाचें, पांढऱ्या कापडावर राजचिन्ह असलेलें. १८३० पासून निळें आणि पांढरें. १९१० सालीं तेथें राजसत्ता जाऊन प्रजासत्ताक आलें, आणि १९११ सालीं हिरव्या व तांबड्या रंगांचें नवें निशाण कायम झालें. काठीकडील दोन पंचमांश भाग हिरवा, उरलेले तीन पंचमांश तांबडा, आणि दोहोंच्या सांध्यावर सोनेरी गोलयंत्र. हें गोलयंत्र म्हणजे आकाशस्थ गोलांच्या गति दाखविणारीं वलयें. ज्या दर्यावर्दी लोकांनीं समुद्र धुंडाळून दूरदूरचे किनारे गांठले, त्यांच्या पराक्रमाची ती खूण. त्यावर ढाल, ढालीच्या तांबड्या कडेवर सात किल्ले, आणि मध्यें पांच निळ्या लहान ढाली. चित्र सुंदर आहे, यांत शंका नाहीं. परंतु दमणगंगेच्या खोऱ्यांतील वारली, धोडिया आणि कोकणा या लोकांनीं ज्या समुद्रावरून तें निशाण आलें तो समुद्र बहुधा पाहिलाहि नसेल. त्या निशाणांतील एकहि खूण त्यांच्या जगांतली नव्हती.

१९४७ सालीं इंग्रज गेले. आसपासच्या संस्थानांचीं निशाणेंहि एकामागून एक उतरलीं. सह्याद्रीच्या या बाजूचें सुरगाणा आणि शेजारचें जव्हार हीं संस्थानें १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालीं. चहूंकडून भारताच्या भूमीनें वेढलेल्या दादरा-नगरहवेलीवर मात्र तें गोलयंत्र तसेंच फडकत राहिलें. १९५४ च्या पावसाळ्यांत त्याची अखेर झाली. २१-२२ जुलैच्या रात्रीं फ्रान्सिस मस्कारेन्हस व वामन देसाई यांच्या नेतृत्वाखालीं गोमंतकीय स्वयंसेवकांनीं दादरा येथील पोलीस ठाणें घेतलें. त्या झटापटींत अनिसेतो दो रोझारिओ हा ठाण्याचा अधिकारी मारला गेला. आपल्या निशाणासाठीं तोहि उभा राहिला होता, हें इतिहास सांगणारानें गाळूं नये. महिनाअखेरीस आझाद गोमंतक दलाच्या लोकांनीं नरोली घेतली. गोदावरी परुळेकर यांच्या चळवळींतील वारली कार्यकर्तेहि या लढ्यांत होते. २ ऑगस्ट रोजीं सिल्वासा मुक्त झालें, आणि तेथील कप्तान फिदाल्गो खानवेलच्या बाजूस हटून थोड्याच दिवसांत शरण आला. सिल्वासाच्या मोहिमेंत पुण्या-मुंबईकडून गेलेल्या तरुणांत सुधीर फडके होते. पुढच्याच वर्षीं पुणें नभोवाणी केंद्रावरून सुरू झालेल्या गीतरामायणामुळें त्यांचा आवाज घरोघर पोंचला. त्याच माणसानें आदल्या पावसाळ्यांत जिवावरचा हा डाव खेळला होता. बाबासाहेब पुरंदरे हेहि या मोहिमेंत सामील होते.

दादऱ्याच्या ठाण्यावर त्या सकाळीं तिरंगा चढला. तो दिवस २२ जुलै. बरोबर सात वर्षांपूर्वीं, २२ जुलै १९४७ रोजीं, घटनासमितीनें जवाहरलाल नेहरू यांच्या ठरावावरून याच ध्वजाचा स्वीकार केला होता. वर केशरी, मध्यें पांढरा, खालीं हिरवा, असे सारख्या रुंदीचे तीन पट्टे. मध्यभागीं सारनाथच्या अशोकस्तंभावरील निळें चक्र, चोवीस आऱ्यांचें. स्वातंत्र्याच्या चळवळींतील झेंड्यावर चरखा होता; त्याच्या जागीं हें चक्र आलें. चरखा एका चळवळीची खूण होती. चक्र धर्माची, म्हणजे न्यायानें चालणाऱ्या राज्याची खूण ठरली. न्यायाची ही खूण ज्या ठाण्यावर चढली, तेथें भारताचा कायदा मात्र अजून पोंचला नव्हता. आणि येथूनच या हकीगतीचा खरा पेंच सुरू होतो.

भारत सरकारनें हा प्रदेश लष्कर पाठवून घेतलेला नव्हता. तो आपला म्हणून लगेच जाहीर करावा, तर भारतानें आक्रमण केलें असें पोर्तुगालला जगापुढें म्हणतां आलें असतें. जाहीर न करावा, तर तेथल्या लोकांनीं स्वतःच चढविलेला आपला राष्ट्रध्वज परका म्हणावा लागला असता. तेव्हां मधला मार्ग निघाला. कारभार वरिष्ठ पंचायत नांवाच्या मंडळाकडे राहिला, आणि तिच्या विनंतीवरून भारत सरकारनें प्रशासक म्हणून अधिकारी दिले. टपालासाठीं पोर्तुगीज तिकिटांचा शिल्लक सांठा होता. त्यावर ‘मुक्त प्रदेश’ अशा अर्थाचा इंग्रजी छाप मारून तींच तिकिटें वापरलीं गेलीं. नवे राज्यकर्ते जुन्या राजाच्या तिकिटावर शिक्का मारून भागवीत होते. परंतु निशाणाच्या बाबतींत त्यांनीं अशी तडजोड केली नाहीं. वाटलें असतें तर त्यांना नवें चिन्ह सहज काढतां आलें असतें. दमणगंगा होती, सागाचें रान होतें, वारल्यांची भिंतीवरची चित्रकला होती. सुंदर ध्वज झाला असता. परंतु निराळा ध्वज म्हणजे निराळें राष्ट्र. ज्यांना राष्ट्र व्हावयाचें नव्हतें, ज्यांना एका मोठ्या राष्ट्रांत मिसळावयाचें होतें, त्यांनीं आपला अर्ज कागदावर लिहिण्यापूर्वींच काठीवर लावला.

या अर्जाची सुनावणी मात्र दूर झाली. डिसेंबर १९५५ मध्यें पोर्तुगालनें हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयांत भारताविरुद्ध फिर्याद लावली. दमणहून या गांवांकडे जाण्याचा आपला हक्क भारतानें अडविला, अशी त्याची तक्रार होती. हॉलंडमधील त्या न्यायमंदिरांत मराठ्यांचा १७७९ चा तह आणि १७८३ व १७८५ च्या सनदा निघाल्या, आणि सरंजाम म्हणजे काय याचा खल झाला. १२ एप्रिल १९६० रोजीं निकाल लागला. मराठ्यांनीं वसूल दिला होता, सार्वभौमत्व दिलें नव्हतें, हें न्यायालयानें मान्य केलें. परंतु पुढें इंग्रजांच्या काळांत पोर्तुगीज सत्ता तेथें रूढ झाली होती, हेंहि म्हटलें. सामान्य माणसें, मुलकी अधिकारी आणि माल यांना जाण्याचा हक्क होता. सैन्य, सशस्त्र पोलीस व दारूगोळा यांना नव्हता. आणि १९५४ सालीं भारतानें वाट अडविली त्यांत कायद्याचा भंग झाला नाहीं, असा तो निकाल होता. भूमि कोणाची, हा प्रश्न मात्र न्यायालयानें सोडविला नाहीं. तो सिल्वासाच्या काठीवर लागलेलाच राहिला.

तो सुटला १९६१ सालीं. त्या वर्षीच्या १२ जून रोजीं वरिष्ठ पंचायतीनें भारतांत सामील होण्याचा ठराव केला. राज्य म्हटलें म्हणजे करारावर सही करावयास त्याचा प्रमुख हवा, म्हणून के. जी. बदलानी या प्रशासकांस एका दिवसापुरतें या राज्याचे पंतप्रधान नेमण्यांत आलें, आणि त्यांनीं भारताच्या पंतप्रधानांबरोबर सही केली. राज्यघटनेच्या दहाव्या दुरुस्तीनें ११ ऑगस्ट १९६१ पासून दादरा व नगरहवेली भारताचा केंद्रशासित प्रदेश झाला. त्या दिवशीं सिल्वासास कोणतेंहि निशाण उतरवावें लागलें नाहीं, आणि नवें चढवावेंहि लागलें नाहीं. गोमंतक मुक्त होण्यास त्यानंतर चार महिने लागले, आणि पोर्तुगालनें हा सर्व बदल मान्य केला तो १९७४ सालीं. २६ जानेवारी २०२० पासून हा प्रदेश दमण व दीव यांच्यासह एका केंद्रशासित प्रदेशांत एकत्र झाला आहे.

येथें हकीगत संपवितां आली असती. परंतु निशाणाचा विचार करतांना त्याच्या सावलींत उभ्या असलेल्या माणसांचाहि विचार केला पाहिजे. या खोऱ्यांतील आदिवासींच्या डोक्यावर दोनशें वर्षांच्या आंत भगवा आला, पोर्तुगालचीं तीन निशाणें आलीं, आणि मग तिरंगा आला. पायाखालची जमीन मात्र बहुतांशीं दुसऱ्याचीच राहिली. त्या प्रदेशासाठीं जमीनसुधारणेचा कायदा झाला तो १९७१ सालीं. म्हणजे दादऱ्याला तिरंगा चढल्यावर सतरा वर्षांनीं. निशाण एका रात्रींत बदलतें. त्या निशाणांत जें वचन दिलेलें असतें तें पाळावयास पिढी लागते. सात वर्षें कायद्यानें परक्या असलेल्या त्या लोकांनीं आपल्या ध्वजावर विश्वास टाकला तो आधीं. त्या विश्वासाची परतफेड मागाहून, आणि थोडी थोडी होत आली.

पिंपळगांवच्या शाळेंत पंधरा ऑगस्टला झेंडा चढतो, तेव्हां अंगणांतल्या मुलांना तो आपला आहे हें कोणी सिद्ध करून दाखवावें लागत नाहीं. त्याच जिल्ह्यांत उगम पावणाऱ्या नदीच्या खालच्या कांठीं हेंच सिद्ध करावयास सात वर्षें, हेगचा एक खटला आणि एका दिवसाचा पंतप्रधान लागला. तिकडील लोक २ ऑगस्ट हा आपला मुक्तिदिन मानतात. पुढील ऑगस्टमध्यें आपल्या दारीं ध्वज चढेल, तेव्हां त्या चिमुकल्या राज्याची एकदां आठवण व्हावी. स्वतःचें निशाण न काढणें हीच त्याची सर्वांत मोठी राष्ट्रीय कृति होती.