प्रिझर्व्हेशन सोसायटी ऑफ चार्ल्सटन

प्रिझर्व्हेशन सोसायटी ऑफ चार्ल्सटन ही अमेरिकेच्या साउथ कॅरोलिना राज्यातील चार्ल्सटन शहरात ऐतिहासिक इमारतींच्या जतनासाठी काम करणारी विनानफा संस्था आहे. तिची स्थापना १९२० मध्ये 'सोसायटी फॉर द प्रिझर्व्हेशन ऑफ ओल्ड ड्वेलिंग्ज' या नावाने झाली. सध्याचे नाव तिने १९५७ मध्ये स्वीकारले.

== स्थापना ==
१८०३ मध्ये बांधलेला जोसेफ मॅनिगॉल्ट यांचा वाडा पाडला जाण्याची भीती निर्माण झाल्यामुळे काही नागरिक एकत्र आले. मालमत्ता खरेदी-विक्रीचा व्यवसाय करणाऱ्या आणि स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतील कार्यकर्त्या सुझन प्रिंगल फ्रॉस्ट या संस्थेच्या पहिल्या अध्यक्षा होत्या. संस्थेकडे पुरेसा निधी नसल्याने सदस्य नेल प्रिंगल आणि त्यांचे पती यांनी वाड्याचा आर्थिक भार स्वतःवर घेतला. तो पेलण्यासाठी त्यांना बागेची जागा एका तेल कंपनीला विकावी लागली व तेथे पेट्रोल पंप उभा राहिला. अखेरीस १९३३ मध्ये हा वाडा चार्ल्सटन संग्रहालयाकडे आला.

== कायदेशीर संरक्षण ==
केवळ खरेदी करून इमारती वाचवण्याची मर्यादा या अनुभवातून दिसून आली. १९३१ मध्ये चार्ल्सटन नगर प्रशासनाने जुन्या वस्तीचा काही भाग संरक्षित ऐतिहासिक क्षेत्र ठरवणारा नियम केला. अशा प्रकारचा हा अमेरिकेतील पहिला नियम मानला जातो. या क्षेत्रातील इमारतींच्या बाह्यरूपातील बदलांची तपासणी करण्यासाठी वास्तुपरीक्षण मंडळ नेमण्यात आले. मात्र सुरुवातीला या मंडळाला पाडकाम रोखण्याचा अधिकार नव्हता. १८३९ मध्ये उभे राहिलेले चार्ल्सटन हॉटेल १९६० मध्ये पाडले गेले. पुढे १९६६ मध्ये संरक्षित क्षेत्राचा विस्तार करण्यात आला.

== कार्य ==
नियोजित बांधकामांविषयी नगर प्रशासनासमोर बाजू मांडणे, नागरिकांमध्ये जागृती करणे आणि मालकांना प्रोत्साहन देणे ही संस्थेची प्रमुख कामे आहेत. उत्कृष्ट जतनकार्यासाठी ती १९५३ पासून 'कॅरोलोपोलिस पुरस्कार' देते. १९४७ मध्ये स्थापन झालेली हिस्टॉरिक चार्ल्सटन फाउंडेशन ही स्वतंत्र संस्थाही शहरात याच क्षेत्रात काम करते.

== टीका ==
फ्रॉस्ट यांनी ट्रॅड स्ट्रीट व ईस्ट बे स्ट्रीट परिसरातील अनेक मोडकळीस आलेली घरे विकत घेतली. ईस्ट बे स्ट्रीटवरील रंगीत घरांची ओळ पुढे 'रेनबो रो' या नावाने प्रसिद्ध झाली. मात्र या भागातील घरांमध्ये प्रामुख्याने गरीब कृष्णवर्णीय भाडेकरू राहत होते. दुरुस्तीनंतर वस्तीचे मोल वाढले आणि जुन्या रहिवाशांना तेथून जावे लागले. शिवाय शहरातील अनेक वाडे गुलामांच्या श्रमांतून मिळालेल्या संपत्तीवर उभे राहिले होते. जतनाच्या आरंभीच्या चळवळीत या इतिहासाला फारसे स्थान मिळाले नाही. त्यामुळे चार्ल्सटनचा अनुभव वास्तुजतनाचे यश म्हणून अभ्यासला जातो, तसेच इमारतींबरोबर तेथील रहिवाशांचा विचार न झाल्यास काय घडते, याचे उदाहरण म्हणूनही त्याकडे पाहिले जाते.