सात दिवसांची मुभा

हीथ्रोवर उतरल्यावर इमिग्रेशनच्या लांबलचक रांगेत ताटकळण्याचा अनुभव आपल्यापैकी प्रत्येकाला आहे. अशा वेळी शेजारून गणवेशातली एक टोळी बॅगा ओढत, गप्पा मारत निघून जाते आणि रांगेतला कोणीतरी हमखास म्हणतो, "यांची बरी मजा आहे!" मी हीथ्रोवर एका विमान कंपनीच्या जमिनीवरच्या खात्यात एकवीस वर्षे काढली. त्या टोळीचे कागद अधिकाऱ्यापुढे ठेवणे हा माझ्या कामाचाच भाग होता. तेव्हा ही मजा आली कुठून, हे थोडेफार सांगू शकतो.

तिचे मूळ विमानात नाही, जहाजात आहे. खलाशाला बंदरात उतरू तर द्यायचे, पण देशात राहू द्यायचे नाही, हा पेच फार जुना. १८२३ साली ब्रिटिश पार्लमेंटने केलेल्या कायद्यात हिंदुस्थानी खलाशांना, म्हणजे 'लास्करां'ना, ब्रिटिश खलाशी मानायचे नाही असे ठरले. जहाज बंदरात लागले की कप्तानाने त्यांची यादी कस्टमच्या अधिकाऱ्याला दाखवायची आणि मालकाने त्यांना परत मायदेशी पोचवायचे, अशी त्यात तरतूद होती. पुढे आगबोटींचा काळ आला तेव्हा या याद्यांत आपल्या रत्नागिरीकडची नावेही असत. माणूस कोण आहे यापेक्षा तो कोणत्या जहाजाचा आहे, हे महत्त्वाचे. हे तत्त्व तिथून जे चालू झाले ते आजतागायत सुटलेले नाही.

विमाने आली तेव्हा तीच यादी आकाशात गेली. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागोच्या करारावर ५२ देशांनी सह्या केल्या. परक्या देशात उतरताना प्रवेश, पारपत्र, जकात, आरोग्य यांबाबतचे त्या देशाचे कायदे प्रवाशांप्रमाणे कर्मचाऱ्यांनाही लागू, असे त्याचे तेरावे कलम सांगते. पण विमाने खोळंबू नयेत म्हणून १९४९ साली कराराला नववे परिशिष्ट जोडले गेले. 'जनरल डिक्लरेशन' नावाचा कागद सर्वत्र एकसारखा झाला तो यातूनच. त्यावर विमानाचा क्रमांक, मार्ग आणि कर्मचाऱ्यांची नावे असतात. आम्ही त्याला नुसते 'जी.डी.' म्हणत असू. कर्मचाऱ्याचे ओळखपत्र पाहून व्हिसाशिवाय तात्पुरता प्रवेश द्यावा, अशीही त्या परिशिष्टाची अपेक्षा. अर्थात आमचा नियम वेगळा आहे, असे कळवण्याची सवलत देशांना होतीच, आणि अमेरिकेसारख्यांनी ती घेतली.

८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. त्यातल्या भारतीय कर्मचाऱ्यांना इथे उतरण्यासाठी कसल्याही खास सवलतीची गरज नव्हती. देश स्वतंत्र झाला होता, तरी ब्रिटनच्या लेखी ते ब्रिटिश प्रजाजनच होते आणि राष्ट्रकुलातल्या माणसाला इथले दार उघडे होते. ते दार १ जुलै १९६२ पासून किलकिले झाले. आज अंमलात आहे तो कायदा १९७१ चा. तो १ जानेवारी १९७३ पासून लागू झाला. त्याचे आठवे कलम मला अजून पाठ आहे. आलेल्या विमानाने, किंवा सात दिवसांच्या आत दुसऱ्या एखाद्या विमानाने, कर्मचारी म्हणूनच परत जायचे असेल तर वेगळ्या परवानगीशिवाय आत यावे. मात्र अधिकाऱ्याने तपासणीसाठी थांबवले तर थांबलेच पाहिजे.

अमेरिकेचा खाक्या निराळा. १९५२ च्या कायद्याने कर्मचाऱ्यांसाठी 'डी' व्हिसा ठेवला. उतरण्याचा परवाना जास्तीत जास्त २९ दिवसांचा, आणि प्रत्येकाने अधिकाऱ्यासमोर उभे राहायचे. पूर्वी सगळ्या यादीवर मिळून एकच व्हिसा घेता येई. २००१ च्या हल्ल्यांनंतर ती पद्धत मोडीत निघाली. २००४ पासून ज्याचा त्याचा व्हिसा वेगळा.

कस्टमबद्दल मात्र कोणी हेवा करू नये. रोज परदेशी जाणाऱ्याला प्रवाशाइतकी सूट दिली तर तो दुकानच थाटेल, हे उघड आहे. त्यातून आपल्याकडे १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याचे दिवस. तो १९९० साली रद्द होईपर्यंत मुंबईला गणवेशातल्या माणसाकडेही संशयानेच पाहिले जाई, आणि काहींनी तो संशय खराही करून दाखवला! भारताच्या २०१६ च्या नियमांत कर्मचाऱ्याला चॉकलेट, चीज, सौंदर्यप्रसाधने अशा किरकोळ भेटवस्तू १,५०० रुपयांपर्यंत आणण्याची मुभा दिलेली होती. सरकारी नियमात चीजचा नावानिशी उल्लेख यावा, यावरूनच कर्मचाऱ्यांच्या बॅगांत वर्षानुवर्षे काय सापडत असेल ते ओळखावे.

असो. आठव्या कलमाची दुसरी बाजू मला एका थंडीत दिसली. गिरगावातली एक हवाईसुंदरी हॉटेलात पोटदुखीने कोसळली. अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी तिचे विमान तिच्याशिवाय गेले. येताना जी.डी.वर चौदा नावे होती, जाताना तेरा. आमच्या वरिष्ठांना काळजी पोरीच्या पोटाची नव्हती, 'ती पळाली तर?' याची होती. मला सांगण्यात आले, तिचे पारपत्र ताब्यात घेऊन ये. तिच्याजवळ नातेवाईक कोणी नव्हते. मी खाटेशी गेलो तर तिचा पहिला प्रश्न, "काका, मी आता इथे बेकायदा आहे का हो?"

मला उत्तर देता येईना. तिचा इथला हक्क त्या विमानाला बांधलेला, आणि विमान तर गेलेले. पारपत्र मी घेतले खरे, पण ऑफिसात न देता सरळ इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याकडे गेलो, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. तो वयस्क गृहस्थ होता. त्याने चिठ्ठी दोनदा वाचली आणि तिला एक महिन्याची रीतसर परवानगी दिली. वरिष्ठांनी मला मेमो दिला, तो अजून माझ्या फायलीत आहे.

अठरा दिवसांनी ती साध्या साडीत, प्रवाशाच्या तिकिटावर परत गेली. महिन्याने तिचे पत्र आले. मुंबईला उतरल्यावर सवयीने ती कर्मचाऱ्यांच्या वाटेने निघाली होती. शिपायाने अडवून तिला रांगेत पाठवले, आणि पुढे सव्वा तास ती उभी होती.