संपर्कशोध

संसर्गजन्य रोग झालेल्या माणसाच्या निकट सहवासात कोण कोण आले होते हे शोधणे, त्या प्रत्येकाला गाठणे आणि ठरावीक दिवस त्याच्या प्रकृतीवर लक्ष ठेवणे, या कामाला संपर्कशोध म्हणतात. कोविडच्या काळात ‘कॉन्टॅक्ट ट्रेसिंग’ हे नाव आणि त्यामागोमाग ‘हाय रिस्क’, ‘लो रिस्क’ हे शब्द मराठी घराघरांत पोचले. काम मात्र त्याहून फार जुने आहे. ज्या रोगावर औषध नाही आणि लसही नाही, त्याच्याविरुद्धही ते करता येते. त्यासाठी लागतात नोंदवही, पायपीट आणि समोरच्याला बोलते करण्याचे कसब.

सुरुवात रुग्णाशी बोलण्यापासून होते. लक्षणे कधी सुरू झाली, तो कुठे कुठे गेला, कोणाशेजारी झोपला, कोणाबरोबर जेवला, त्याचे कपडे कोणी धुतले, दवाखान्याच्या बाकावर शेजारी कोण बसले होते, असा एकेक दिवस उलगडावा लागतो. तापाने फणफणलेल्या माणसाची आठवण धूसर असते. ‘सोमवारी कोणाला भेटलात?’ या प्रश्नाला बहुधा उत्तर येत नाही. ‘सोमवारी बाजार होता ना, मग गेलात कसे?’ असे विचारले की वडापच्या जीपमधले सहप्रवासी आठवू लागतात. तयार झालेल्या यादीतील ज्यांना लक्षणे आहेत त्यांचे विलगीकरण होते. ज्यांना लक्षणे नाहीत पण लागण झालेली असू शकते त्यांचे अलगीकरण, म्हणजे क्वारंटाइन. या दोन शब्दांची नेहमी गल्लत होते, आणि ती धोक्याची आहे, कारण दोन्ही गटांना एकाच खोलीत ठेवले तर निरोगी माणसाला तिथेच रोग लागतो. नजर किती दिवस ठेवायची हे परिपाककालावरून, म्हणजे जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणे उमटेपर्यंतच्या मुदतीवरून ठरते. इबोला आणि निपा या रोगांसाठी ती २१ दिवस धरतात.

याने साथ मंदावते कशी, हे साध्या हिशेबाने कळते. समजा, एक रुग्ण सरासरी तिघांना रोग देतो. कोणी आडवे आलेच नाही, तर लागणीच्या दहाव्या पिढीत त्या एकामागे ५९,०४९ रुग्ण होतात. संपर्क वेळीच बाजूला काढून पुढची लागण ६० टक्क्यांनी रोखली, तर तिघांच्या जागी १.२ उरतात आणि दहाव्या पिढीत सुमारे सहाच रुग्ण दिसतात. ७० टक्के रोखली, तर आकडा ०.९ वर येतो आणि साथ आपोआप विझू लागते. म्हणजे यादीतला प्रत्येक माणूस सापडलाच पाहिजे असे नाही. अर्धवट शोधही रुग्णालयांतील खाटा, प्राणवायू आणि लस यांच्यासाठी वेळ मिळवून देतो.

हा हिशेब जमतो की नाही, हे रोगाच्या स्वभावावर अवलंबून असते. क्रिस्टोफ फ्रेझर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हा मुद्दा नेमका मांडला: लक्षणे दिसण्यापूर्वीच किंवा लक्षणांविना किती लागण होते, यावर साथ आवरता येईल की नाही हे बरेचसे ठरते. २००३ च्या सार्सचा रुग्ण आजार बळावल्यावर अधिक संसर्गजन्य होई, त्यामुळे शोधणाऱ्यांना अवधी मिळे. सुमारे आठ हजार रुग्ण आणि ७७४ मृत्यूंनंतर तो रोग लसीविनाच थांबला. इन्फ्लुएंझा इतका झपाट्याने पुढे सरकतो की यादी पूर्ण होईपर्यंत यादीतले लोकच दुसऱ्यांना रोग देऊन मोकळे झालेले असतात.

देवीचा रोग या कामाला सर्वांत सोयीचा होता. पुरळ स्पष्ट दिसे, लागण मुख्यतः ताप-पुरळ सुरू झाल्यावरच होई, आणि संपर्कानंतर तीन-चार दिवसांत लस टोचली तरी बहुधा रोग टळे. महाराष्ट्रात गावोगाव टोचायला येणाऱ्याला ‘देवी डॉक्टर’ म्हणत. पण सरसकट टोचणीने देशातून देवी जात नव्हती, कारण नेमकी रोग असलेली वस्तीच अनेकदा सुटून जाई. १९६६ च्या अखेरीस पूर्व नायजेरियात लस अपुरी पडली, तेव्हा तिथे काम करणारे अमेरिकी डॉक्टर विल्यम फेगी यांनी रुग्ण शोधून त्याच्या भोवतालच्यांनाच लस देण्याचा मार्ग धरला. भारतात १९७३ च्या शरद ऋतूपासून तो जोमाने राबवला गेला. आरोग्यसेवक पुरळ आलेल्या मुलाचे चित्र असलेले कार्ड हातात घेऊन दारोदार, शाळांत आणि आठवडी बाजारांत ‘असा रुग्ण पाहिलात का?’ असे विचारत फिरले. खबर देणाऱ्याचे बक्षीस वाढत वाढत हजार रुपयांवर गेले. रुग्ण सापडला की दाराशी रात्रंदिवस पहारेकरी बसे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला लस टोचली जाई. मे १९७५ मध्ये भारतातील शेवटचा रुग्ण नोंदला गेला. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य सभेने देवी जगातून गेल्याचे जाहीर केले. माणसाचा एकच रोग आजवर संपूर्ण नष्ट झाला आहे, आणि त्यात लशीइतकाच वाटा या दारोदारच्या चौकशीचा आहे, हे पुरेसे सांगितले जात नाही.

केरळमधील २०१८ ची निपाची साथ हे या पद्धतीचे अलीकडचे उत्तम उदाहरण. मे महिन्यात कोझिकोड जिल्ह्यातील पेरांब्राजवळच्या एका कुटुंबात एकामागून एक माणसे मेंदूज्वराने आजारी पडली. पहिल्या रुग्णाच्या भावाला तपासणाऱ्या डॉक्टरांना शंका आली. मणिपाल येथे तपासलेल्या नमुन्यांवर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने शिक्कामोर्तब केले. मग मागे वळून पाहिल्यावर चित्र उलगडले. पहिला रुग्ण, हा रोग निपा आहे हे कोणाला कळण्यापूर्वीच, दोन रुग्णालयांतून गेला होता, आणि पुढच्या अनेकांना लागण झाली ती तिथल्या वॉर्डात व मार्गिकांत. त्याची शुश्रूषा करणारी परिचारिका लिनी पुथुसेरी २१ मे रोजी मरण पावली. त्याच वॉर्डात दुसऱ्या खाटेवर कोण होते, त्यांच्याजवळ कोण बसले होते, अशा प्रश्नांतून अडीच हजारांहून अधिक संपर्कांची यादी झाली. प्रयोगशाळेत सिद्ध झालेले रुग्ण १८, संशयित धरून २३. त्यांतले दोघेच वाचले. इतका जीवघेणा रोग जूनमध्ये आटोक्यात आला. २०१९ आणि २०२१ मध्ये तो पुन्हा उद्भवला, तेव्हा दोन्ही वेळा पहिल्या रुग्णापलीकडे गेला नाही.

नायजेरियाचा अनुभवही असाच. जुलै २०१४ मध्ये विमानाने लागोसला उतरलेल्या एका प्रवाशाबरोबर इबोला त्या महानगरात आला. सुमारे ९०० संपर्कांचा पाठपुरावा झाला. त्यासाठी प्रत्यक्ष भेटी झाल्या सुमारे १८,५००. पोलिओ निर्मूलनासाठी घडवलेले मनुष्यबळ आणि नियंत्रण कक्ष तयार होते, ते तसेच या कामाला जुंपले गेले. २० रुग्ण आणि आठ मृत्यूंवर ती साथ थांबली.

रुग्णाने पुढे कोणाला रोग दिला हे पाहणे ही शोधाची एक दिशा. त्याला तो कोठून मिळाला हे पाहणे ही दुसरी. ही उलटी दिशा अनेकदा अधिक फळते. आंध्र प्रदेश आणि तमिळनाडू येथील कोविडच्या ५,७५,०७१ संपर्कांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ७१ टक्के रुग्णांपासून शोधलेल्या संपर्कांपैकी एकालाही लागण झालेली आढळली नाही. थोड्या रुग्णांपासून मात्र पुष्कळांना झाली होती. अशा रोगात कोणताही रुग्ण घेतला, तरी त्याला तो एखाद्या मोठ्या घोळक्यातून मिळालेला असण्याची शक्यता जास्त. ते लग्न, ती मैफल, तो बंदिस्त हॉल सापडला, की तिथे लागण झालेले बाकीचेही एकदम सापडतात. जपानने सुरुवातीच्या काळात याच उलट्या शोधावर भर दिला होता.

तरीही कोविडने या पद्धतीची मर्यादा दाखवली. लक्षणांआधीच होणारी लागण, तपासणीच्या अहवालाला लागणारे दिवस आणि दररोजचे हजारो रुग्ण यांपुढे वह्या तोकड्या पडल्या. धारावीत पहिला रुग्ण १ एप्रिल २०२० रोजी सापडला. जिथे दहा बाय दहाच्या खोलीत सात-आठ माणसे राहतात आणि शौचालय शेकडोंचे एकच असते, तिथे ‘निकट संपर्क’ कोणाला म्हणायचे? महापालिकेने एकेक नाव काढण्यापेक्षा गल्लीच्या गल्लीत ताप तपासणे, खासगी डॉक्टरांना बरोबर घेणे आणि संशयितांना शाळा-सभागृहांत हलवणे पसंत केले. जुलैपर्यंत तिथली रुग्णवाढ बरीच मंदावली. मात्र त्याच जुलैत मुंबईतील तीन अन्य विभागांच्या झोपडपट्ट्यांत केलेल्या रक्ततपासणीत निम्म्याहून अधिक लोकांत प्रतिपिंडे आढळली. धारावीतील यशाचे सारे श्रेय शोधाला देताना हा आकडा विसरू नये. दुसरीकडे, शोध चुकला तर काय होते याचा पुरावा ब्रिटनमध्ये मिळाला. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर २०२० च्या आरंभी संगणकीय तक्त्यातील मर्यादेमुळे १५,८४१ रुग्णांची नोंद काही दिवस पुढे गेलीच नाही. ज्या भागांतील नोंदी अधिक रखडल्या, तिथे पुढच्या आठवड्यांत लागणही अधिक वाढली.

वेळेइतकाच निर्णायक आहे तो विश्वास. १८९७ च्या पुण्यातील प्लेगमध्ये प्लेग अधिकारी रँडच्या हुकमतीखाली गोरे सोजीर घराघरांत शिरून रुग्ण शोधत, माजघर-देवघर धुंडाळत आणि माणसे सेग्रिगेशन कॅम्पात नेत. तो संपर्कशोध नव्हता, जबरीची झडती होती. परिणाम असा झाला की लोक रुग्ण लपवू लागले. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हे सर्वांना ठाऊक आहे. आरोग्याच्या इतिहासात मात्र ती लपवालपवीच अधिक बोलकी आहे. रुग्णाने नाव सांगितले तरच साखळीचा पुढचा दुवा कळतो, आणि दुसऱ्याचे नाव सांगणे म्हणजे त्याला चौदा दिवस कामावाचून घरी बसवणे असेल, तर हातावर पोट असलेला माणूस ते का सांगेल? म्हणून अलगीकरणातील कुटुंबाला शिधा आणि बुडालेली मजुरी देणे हा रोगनियंत्रणाचाच भाग मानावा लागतो. मोबाइल अ‍ॅपचाही प्रश्न हाच. सिंगापूरमधील ‘ट्रेसटुगेदर’ची माहिती पोलिसांना तपासासाठी मिळू शकते, हे जानेवारी २०२१ मध्ये उघड झाले आणि गदारोळ उठला, तो वापर मर्यादित करणारा कायदा सरकारला करावा लागला.

साथ नसतानाही हे काम चालू असते. क्षयरुग्णाच्या घरातील सर्वांची तपासणी होते आणि ज्यांना रोग नाही त्यांना प्रतिबंधक औषधे दिली जातात; भारतात पूर्वी ती मुख्यतः पाच वर्षांखालील मुलांपुरती होती, २०२१ पासून घरातील मोठ्यांनाही लागू झाली. कुष्ठरोगात संपर्कातील व्यक्तींना रिफाम्पिसिनची एक मात्रा देतात. बांगलादेशातील मोठ्या चाचणीत तिच्यामुळे पहिल्या दोन वर्षांत रोगाचे प्रमाण सुमारे ५७ टक्क्यांनी घटले. पण शेजाऱ्याला औषध द्यायचे तर शेजारी रुग्ण आहे हे त्याला कळणार, आणि कुष्ठरोगाचा कलंक घरातल्या मुलींच्या लग्नापर्यंत पोचतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनानुसार संपर्कातील लोकांकडे जाण्याआधी रुग्णाची संमती घ्यावी लागते. जिथे भीती फारच आहे, तिथे अख्ख्या वाडीची त्वचातपासणी करून सर्वांनाच ती मात्रा देता येते. मग आरोग्यसेविका नेमकी कोणत्या घरासाठी आली होती, हे कोणालाच कळत नाही.